ओळ संपल्याची खूण

मी टाइप केलेल्या अक्षरांनी लोखंड कापलं जातंय, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या तोंडून "अगं माय!" एवढंच निघालं. इतकी वर्षं झाली, पण ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. लोकांना वेरूळचं लेणं बघून जे होतं, ते मला त्या मशीनच्या काचेसमोर झालं. वेरूळ मी शाळेच्या सहलीत बघितलं होतं, पण तेव्हा माझं सगळं लक्ष डब्यातल्या पुऱ्यांवर होतं. खोटं कशाला बोलू?

गोष्ट वाळूजची. तेव्हा तिकडं रोज कुठल्या ना कुठल्या शेडचे पत्रे चढत होते. परवापर्यंत जिथं ज्वारी डोलत होती तिथं आज कंपनीचं गेट आणि गेटावर वॉचमन. आम्ही राहायचो हर्सूलकडं. कंपनीची बस सगळं शहर ओलांडून आम्हाला तिकडं नेऊन टाकायची. आम्ही म्हणजे मी आणि माझा थोरला भाऊ. मी ऑफिसात टायपिस्ट, दादा खाली शॉपमध्ये, म्हणजे मशीनं चालतात तिथं. आमचं मूळ गाव करमाडच्या पुढं. विद्यापीठाच्या नामांतराची पहिली धग खेड्यापाड्यांत पोचली तेव्हा आमचा बाप आम्हाला घेऊन गावातून निघाला, तो परत गेलाच नाही. पुढं शहरातच वारला. विद्यापीठाला ते नाव मिळालेलं डोळ्यांनी बघायचं, एवढी एकच इच्छा तो बोलून दाखवायचा. ती राहून गेली. घरात उरलो आम्ही दोघं आणि माय.

दादानं टर्नरचं आयटीआय केलं होतं, पण कंपनीनं त्याला लावलं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचे भाग, घासायच्या शेडमध्ये. तिथून माणूस बाहेर पडला की पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसायचा, फक्त पीठ काळं. दादा घरी येऊन खोकत बसायचा. माय त्याला हळदीचं दूध द्यायची आणि कंपनीच्या नावानं बोटं मोडायची. मग त्या वर्षी कंपनीनं कॉम्प्युटरवर चालणारं नवं मशीन घेतलं. त्याला हँडल फिरवायचं नाही, चाक ओढायचं नाही. अक्षरांत आणि आकड्यांत लिहून द्यायचं, इतकं पुढं जा, इतकं खाली उतर, या वेगानं काप, की ते आपलं आपण कापणार. त्यावर कुणाला ठेवायचं म्हणून परीक्षा घेतली आणि आमचा दादा पहिला आला. मॅनेजर म्हणाले, दिवाळीपर्यंत बघू. माल घेणारे पाहुणे तोवर नमुना बघायला येतील. नमुना जमला तर मशीन तुझं, नाही तर परत शेड.

माय म्हणाली, "त्या मशीनला सांग, माझ्या लेकराला सांभाळ म्हणावं."

"माय, ते मला नाय सांभाळत. मलाच त्याला सांभाळायचंय," दादा म्हणाला आणि खोकला.

शॉपचा फोरमन म्हणजे मामा. खरा मामा तो कुणाचाच नव्हता, पण मॅनेजरसुद्धा त्याला मामाच म्हणायचे. पाचोडकडचा धनगर माणूस. बापानं मेंढरं राखली, यानं लेथ राखले. तोंडाचा फटकळ, पण कुणाचं बोट कापलं तर स्वतःच्या रुमालानं बांधून दवाखान्यात नेणारा. फक्त बसमध्ये नामांतराचा विषय निघाला की म्हणायचा, "नाव बदलून कुणाचं पोट भरलंय का?" आम्ही दोघं तेव्हा बसच्या खिडकीतून बाहेर बघत बसायचो. ते दिवसच तसे होते. होणार, नाय होणार, अशी कुजबुज सगळ्या शहरात चाललेली, आणि कंपनीत जो तो जीभ सांभाळून बोलायचा.

मशीन आलं, बसवलं. बसवायला आलेल्या माणसानं त्याच्याच बटणांवरून छोटासा प्रोग्रॅम टाकून चालवून दाखवलं. झकास चाललं. आणि मग आली खंडेनवमी.

खंडेनवमीला आमच्याकडं कारखान्यांत हत्यारांची पूजा असते. लेथला झेंडूच्या माळा, ड्रिलला हळदीकुंकू, पाना-स्क्रू ड्रायव्हरसुद्धा ओळीनं मांडून ठेवायचे. ज्याचं मशीन त्यानं नारळ फोडायचा, ही रीत. नव्या मशीनसमोर मामानं दादाच्या हातात नारळ दिला. दादानं तो दोन्ही हातांनी घेतला आणि तितक्याच अदबीनं परत दिला. "मामा, तुमी फोडा. मी नाय फोडणार. आमच्यात नसतंय. मशीन मी सकाळीच धुऊनपुसून ठेवलंय." खरंच ठेवलं होतं. माशी बसली असती तर घसरली असती. त्यानंच नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं, दादालाही दिलं, दादानं खाल्लं. वाटलं, मिटलं.

दसऱ्याची सुट्टी संपली. ऑफिसातल्या कॉम्प्युटरपासून मशीनपर्यंत लांबच लांब केबल टाकली होती. प्रोग्रॅम मी टाइप करायचा आणि केबलमधून खाली पाठवायचा, अशी योजना. योजना करणारा होता पुण्याहून आलेला नवा इंजिनियर. पोरगेलासा, केस कायम उभे, चहा थंड करून पिणारा. तो मला "मॅडम" म्हणायचा आणि दरवेळी मला मागं वळून बघावंसं वाटायचं, कोण मॅडम आली म्हणून. त्यानं एका फ्लॉपीवर एडिटर आणला होता. एडिटर म्हणजे नुसतं लिहायचं सॉफ्टवेअर. ठळक अक्षर नाही, रेघा मारणं नाही, नुसती अक्षरं. मी त्यात पहिला प्रोग्रॅम टाइप केला, सेव्ह केला, त्यानं पाठवला, आणि आम्ही दोघं जिन्यावरून धावत खाली गेलो.

मशीनवर लाल दिवा लागला होता. मशीन गप्प. दादा बाजूला उभा, हात मागं बांधून. पुन्हा पाठवलं, पुन्हा लाल दिवा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तेच. मग कुणीतरी म्हणालं, "रुसलं." झालं! तो शब्द शॉपभर पसरायला कितीसा वेळ लागतो? खंडेनवमीपर्यंत चालत होतं, खंडेनवमीनंतर बंद. नारळ कुणी नाकारला? काही जण तोंडानं बोलले, बरेचसे नुसते नजरेनं.

मला इतका राग आला म्हणून सांगू! मी प्रोग्रॅम टाइप केला, इंजिनियरनं पाठवला, केबल तिसऱ्यानंच ओढलेली, आणि सगळ्यांची नजर माझ्या भावावर. जणू त्याच्या हातालाच काही होतं. मी खालीच कुणाशी तरी भांडले असते, पण दादानं डोळ्यांनीच दटावलं.

इंजिनियरनं केबल तपासली, बदलली, वेग कमी केला, वाढवला. काही नाही. आठवडा सरत आला तसा मॅनेजरचा निरोप आला, सोमवारी दुसरा ऑपरेटर बसवा. मामा स्वतः दादाकडं आला. मी तेव्हा प्रोग्रॅमचा कागद द्यायला खाली गेले होते, म्हणून माझ्या कानानं ऐकलं. मामा हळू आवाजात म्हणाला, "पोरा, एक नारळ फोड. तुझं काय जातंय? लोकांची तोंडं बंद व्हतील, मी साहेबाला सांगतो, आणखी आठ दिवस दे म्हणून. शेडमधी जाऊन छाती जाळायची का?" तो वाईट बोलत नव्हता. ते वाईट नव्हतं म्हणूनच जास्त अवघड होतं.

घरी मी मायला सगळं सांगितलं. माय भाकरी थापत होती. म्हणाली, "फोड म्हणावं नारळ, अन् घरी घेऊन ये, चटणी करते." दादा हसला, मीही हसले. मग माय तव्याकडं बघत म्हणाली, "तुझ्या मनाला पटंल ते कर, बाबा. खोकल्याला मी हाय." दादा जेवला आणि अंगणात जाऊन बसला. नारळ फोडणार नाही हे त्याच्या पाठीवरूनच कळत होतं.

शनिवारी सकाळी ऑफिसात आल्याआल्या मी ठरवलं, प्रोग्रॅम छापून घ्यायचा आणि मूळ कागदाशी एकेक अक्षर ताडून बघायचं. टायपिंगच्या क्लासमध्ये आमच्या हाडीमासी भिनलेली सवय ही. पडद्यावर मी दहादा वाचलं होतं, चूक दिसत नव्हती. पण कागदावरची चूक वेगळी दिसते. मी फाइल प्रिंटरवर पाठवली. प्रिंटर करकरत सुरू झाला, आणि कागद वर आला तो बघून मी खुर्चीतून उठलेच.

पहिली ओळ कागदाच्या डाव्या कडेला, बरोबर. दुसरी ओळ मात्र पहिली जिथं संपली त्याच्या खाली सुरू झालेली. तिसरी दुसरीच्या शेवटाखाली. अशी पायरी पायरी करत ओळी उजव्या कडेपर्यंत उतरत गेलेल्या. दौलताबादचा किल्ला उतरतोय की काय वाटावं. मी आधी प्रिंटरला एक चापट मारली. मग ऑफिसचं रोजचं पत्र छापून बघितलं. ते सरळसोट आलं. म्हणजे प्रिंटर बरा होता, दुखणं फाइलीत होतं.

आणि मला ती पायरी ओळखीची वाटायला लागली. गुलमंडीजवळच्या टायपिंग क्लासमध्ये पहिल्या दिवशी मी अशीच पायरी काढली होती! टाइपरायटरवर ओळ संपली की घंटी वाजते आणि डाव्या हातानं लिव्हर ढकलायचा असतो. त्या एका ढकलण्यात दोन कामं होतात. कागद एक ओळ वर सरकतो आणि कागद धरणारं कॅरेज परत पहिल्या जागी येतं. मला ते कुठं माहीत? मी आपली गोल मूठ फिरवून कागद वर सरकवला आणि तिथूनच पुढं टाइप करत सुटले. सर मागून ओरडले, "बेटा, नीचे तो आ गई, वापस कौन आएगा?" सगळा क्लास हसला होता.

मी तो कागद घेऊन इंजिनियरकडं गेले. तो जमिनीवर बसून केबलीचं टोक सोलत होता. म्हटलं, "सर, हे बघा. ओळ खाली उतरतेय, पण परत येत नाहीये."

त्यानं कागद बघितला. मग केबल टाकून दिली आणि स्वतःच्या कपाळावर असा हात मारला की शेजारच्या टेबलावरच्या बाई दचकल्या. "अरे देवा! मॅडम, हे तर मी करून ठेवलंय!"

मग जमिनीवर बसूनच त्यानं मला जे सांगितलं, ते ऐकताना मी उभी होते ती हळूहळू खुर्चीवर टेकले. तो म्हणाला, आपण एंटर दाबतो तेव्हा फाइलीत ओळ संपल्याची खूण पडते. दिसत नाही, पण असते. काही कॉम्प्युटर दोन खुणा ठेवतात, एक 'परत ये' आणि एक 'खाली उतर'. अगदी टाइपरायटरसारखं, तिथूनच आलंय ते. आणि काही कॉम्प्युटर म्हणतात, एकच पुरे, 'खाली उतर', बाकीचं आम्ही समजून घेतो. त्याच्या कॉलेजातली मोठी मशीनं एकाच खुणेवर भागवणारी. त्यानं तिथं एडिटरला सांगून ठेवलं होतं की सेव्ह करताना एकच खूण ठेव, आणि तीच फ्लॉपी उचलून इकडं आणली. पडदा शहाणा, त्याला दोन्ही चालतं, म्हणून आम्हाला सगळं नीट दिसत होतं. खालच्या मशीनला मात्र दोन्ही लागत होत्या.

"मग ते अडलं कुठं?" मी विचारलं.

"अडलं नाही. त्याच्या लेखी पहिली ओळ अजून संपलेलीच नाही. ते वाट बघतंय."

मला ते अजून पुरतं सांगता येत नाही, पण तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आठवडाभर आम्ही त्याला रुसलं म्हणत होतो, बिघडलं म्हणत होतो, माझ्या भावाच्या माथी मारत होतो, आणि ते बिचारं बोलणाऱ्याचं बोलणं पुरं व्हायची वाट बघत उभं होतं. मधे तोंड घालू नये असं घरी शिकवलेल्या माणसासारखं. आणि मी! इतकी वर्षं मी टाइप करत होते. किती अर्ज, किती पत्रं, प्रत्येक ओळीच्या शेवटी मी काहीतरी ठेवून पुढं जात होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

इंजिनियरनं एडिटरची सेटिंग उघडली. सेव्ह करताना ओळीच्या शेवटी काय ठेवायचं, एवढाच प्रश्न तिथं होता. त्यानं 'दोन्ही'वर नेऊन ठेवलं. "मॅडम, एंटर तुम्ही मारा." मी मारला. मग तो म्हणाला, "दाखवू का तुम्हाला त्या?" आणि कुठलंसं बटण दाबून त्यानं लपलेल्या खुणा पडद्यावर आणल्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन बारकी चित्रं. 'खाली उतर' म्हणजे एक भरीव चौकोन, आत गोल भोक. आणि 'परत ये' म्हणजे, सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही, इंग्रजी गाण्याच्या पुस्तकात सुरासाठी असते तसली शेपटीची खूण. सगळ्या पडद्यावर उजवीकडं सूरच सूर! टाइपरायटरची घंटी तिथं येऊन बसलीय, असं मला वाटलं. मी बोट लावून बघितलं. काच होती नुसती.

प्रोग्रॅम पाठवला. जिन्यावरून मी अशी धावले की चपलेचा अंगठा तुटला. दादानं माझ्याकडं बघितलं, मी नुसती मान हलवली. त्यानं हिरवं बटण दाबलं.

लाल दिवा नाही. आतलं टूल हललं, सरकलं, थांबलं, आणि दुधासारखं पाणी सोडत लोखंडात शिरलं. मी 'इतकं पुढं' लिहिलं होतं, ते तितकं पुढं गेलं. 'खाली' लिहिलं होतं, तिथं खाली उतरलं. एक ओळ संपायची, पुढची सुरू व्हायची. दादाचा हात कशालाही लागलेला नव्हता. तो काचेला नाक लावून बघत होता, लहानपणी जत्रेत बघायचा तसा.

शॉप गोळा झालं. इंजिनियर सगळ्यांसमोर मोठ्यांदा म्हणाला, "चूक माझ्या फ्लॉपीत होती. मशीन ठणठणीत आहे." मग त्यानं मामाला पडद्यावरच्या खुणांचं सांगितलं. मामानं सगळं ऐकून घेतलं, कान खाजवला आणि दादाकडं वळला. "म्हंजी शेवटी न दिसणाऱ्यानंच चालवलं का नाय? अन् तू म्हनतो आमच्यात नसतंय!"

सगळे हसले. दादाही हसला. म्हणाला, "व्हय मामा. पर हे न दिसणारं दाखवता येतंय. वर चला, दाखवतो."

मामा खरंच वर आला. त्यानं चष्मा लावून ते सूर बघितले, बराच वेळ. "लई बारीक कारभार हाय," एवढंच म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. सोमवारी दुसरा ऑपरेटर आला नाही. दिवाळीआधी पाहुणे येऊन नमुना घेऊन गेले, आणि मशीनवर दादाचं नाव लागलं. खोकलाही हळूहळू कमी झाला, तरी माय हळदीचं दूध द्यायची थांबली नाही.

मग जानेवारी आला. त्या महिन्यात नामांतर झालं. शहरात जागोजागी पोलीस, बाजार धड उघडे नाहीत. आमच्या वस्तीत पेढे वाटले, पण गावाकडून जाळपोळीच्या बातम्या येत होत्या, त्यामुळं पेढा हातातच राहत होता. बस वाळूजला निघाली. दादा माझ्या शेजारी बसला होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "प्रोग्रॅममधी कंसात काय लिहिलं तर मशीन ते वाचतं, पर करत काय नाय, व्हय ना?"

"व्हय. कंसातलं माणसांसाठी असतं. मशीनच्या पडद्यावर दिसतं नुसतं."

"मग आजच्या प्रोग्रॅमला वर कंस टाक. त्यात विद्यापीठाचं नाव लिही. पुरतं. नवं."

मी त्याच्याकडं बघितलं. कुणी वर कळवलं असतं तर कंपनीच्या कामात राजकारण आणलं म्हणून मशीन गेलंच असतं. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बापानं बघायचं राहिलं. मी तरी बघतो."

मी लिहिलं. नाव लांब होतं. इंग्रजी मोठ्या अक्षरांत एका ओळीत बसवलं, कंस बंद केला आणि एंटर मारला. सेव्ह करताना दोन्ही खुणा आहेत ना, तेही बघून घेतलं. आपल्या हातून ते नाव अर्धवट जायला नको. मग पाठवलं आणि खाली गेले.

दादानं हिरवं बटण दाबलं. मशीनच्या पडद्यावर पहिली ओळ उजळली. आणि नेमका मामा मागून आला. त्यानं चष्मा कपाळावरून खाली घेतला, अक्षर अक्षर लावत ओळ वाचली. पुन्हा वाचली. माझा हात दादाच्या बाहीवर गेला. आत टूल सरकलं, पाणी सुटलं, कापायला लागलं.

मामानं विचारलं, "त्या नावानं मशीन थांबलं का?"

"नाय, मामा," दादा म्हणाला.

"मग ऱ्हाऊ दे," मामा म्हणाला, आणि काचेवरचा तेलाचा डाग स्वतःच्या बाहीनं पुसून पुढच्या लेथकडं गेला.